खांदे आपले, माप कुणाचं?

‘‘आत्या, मी आता सायकल नाही चालवत. बाबा नको म्हणालेत.’’

दिवाळीत भावाकडे गेले होते, तेव्हा भाचीनं फराळाची ताटली हातात देता देता हे सांगितलं. अगदी सहज. जणू काही फ्रॉक लहान झाला म्हणून घालत नाही, असं. मी मात्र चमकले. कारण याच सायकलीसाठी जूनमध्ये दादानं बियाण्याच्या पैशातून थोडे थोडे बाजूला काढले होते. गाव तालुक्यापासून चार किलोमीटर. मुलगी आठवीत गेलेली. गावातली शाळा सातवीपर्यंतच.

विचारलं तेव्हा कळलं. शनिवारच्या बाजारातून येताना सायकलीच्या हँडलचं टोक एका हातगाडीत अडकलं आणि पोरगी पडली. कोपर सोललं, एवढंच. पण मागून टेम्पो येत होता. तो वेळेत थांबला. दादाच्या कानावर हे गेलं आणि त्यानं त्याच संध्याकाळी सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. ‘‘हातपाय मोडून घ्यायचेत का? एसटीनं जा.’’

आता एसटी येते सकाळी सातला आणि मग एकदम साडेअकराला. शाळा साडेदहाची. म्हणजे सातला जाऊन तीन तास शाळेच्या व्हरांड्यात बसायचं, नाहीतर दोन तास बुडवायचे. मग काय, आठवड्यातून दोन दिवस दांडी ठरलेलीच. आणि मैत्रिणींनो, आठवीतल्या मुलीची दांडी कुठे जाऊन पोहोचते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

रात्री वहिनीशी बोलताना आणखी एक गोष्ट निघाली. पडायच्या आधीपासून पोरगी म्हणत होती, मान दुखते. खांद्यांच्या मधे दुखतं. करंगळीला मुंग्या येतात. ‘‘आम्हाला वाटलं, शाळेत जायचा कंटाळा,’’ वहिनी म्हणाली. ‘‘आणि नवीन सायकल आहे, होईल सवय. मोठी होईल तशी बसेल अंगाला.’’

होईल सवय. बायकांच्या आयुष्यात हे वाक्य किती वेळा येतं, नाही? चप्पल चावते, होईल सवय. ओटा उंच आहे, होईल सवय. वस्तू बदलायची नाही, आपण बदलायचं. ‘अ‍ॅडजस्ट’ हा इंग्रजी शब्द आपल्या आजीलासुद्धा पाठ असतो, तो काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात जाऊन सायकल बघितली. सव्वीस इंची चाकाची, मुलींची म्हणून विकलेली, मधला दांडा खाली घेतलेली. हँडल मात्र अगदी सरळ आणि लांबच लांब, डोंगरात चालवायच्या सायकलींना असतं तसं. दिसायला रुबाबदार. वहिनीच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप आणली आणि हँडल मोजलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६६ सेंटिमीटर. मग भाचीला उभं केलं आणि खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं, तिथून तिथपर्यंत मोजलं. ३३ सेंटिमीटर.

बरोब्बर दुप्पट! दोन मुली शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढ्या रुंदीचं हँडल एकटी पोर दोन्ही हात फाकवून चार किलोमीटर रेटत होती.

आता इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. सरळ हँडल खांद्यांएवढंच असावं, असं अजिबात नाही. ते खांद्यांपेक्षा रुंदच असतं आणि असायलाही हवं. रुंद हँडलवर जोर कमी लागतो. खडी, चिखल, खड्डे, कॅरिअरला बांधलेला दुधाचा कॅन या सगळ्यात सायकल ताब्यात राहते. फार अरुंद हँडल लावलं तर सायकल जरा हात हलला की वळते, आणि वळताना गुडघ्याला लागते ती वेगळीच. म्हणजे अरुंद चांगलं आणि रुंद वाईट, असं सोपं गणित नाही. पण रुंदीलाही हद्द असते. हात जास्त फाकले की कोपर ताठ होतात, अंगाचा भार मनगटावर येतो, रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट मानेपर्यंत पोहोचतो. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूनं एक नस जाते, ती दाबली की करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. पोरगी खोटं बोलत नव्हती. आणि गल्लीत, बाजारात ते टोक कुठे ना कुठे लागणारच. आपण डोळ्यांनी अंदाज घेतो तो आपल्या अंगाचा, हँडलचा नाही.

मग मी भाचीला घेऊन तालुक्याला सायकलवाल्या काकांकडे गेले.

‘‘काका, हिचं हँडल केवढं आहे?’’

‘‘सव्वीसची आहे ताई.’’

‘‘चाक नाही हो, हँडल.’’

‘‘हँडलला कसलं माप? सायकलबरोबर येतं ते. लेडीज आहे ना, बास.’’

काकांना दोष देत नाही. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दुकानात एक सुटं हँडल टांगलेलं होतं, त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ६२०. भाची म्हणाली, ‘‘सहाशे वीस रुपये?’’ रुपये नव्हे, ते मिलिमीटर. म्हणजे ६२ सेंटिमीटर, म्हणजे साडेचोवीस इंचांना थोडंसं कमी.

इथेच आपल्यापैकी बऱ्याचजणी माघार घेतात. इंच, सेंटिमीटर, मिलिमीटर, आणि कारागिराच्या तोंडी ‘सूत’. ‘हे आपल्याला नाही कळायचं’ म्हणून आपण विषय सोडून देतो आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो. पण खरं सांगू, मापांचा हा गोंधळ रोज कोण निस्तरतं? आपणच की! साडी मीटरनं घेतो, ब्लाऊज इंचानं शिवतो, शेत गुंठ्यानं मोजतो आणि फुलांचा गजरा अजूनही हातानं. मेट्रिक मापांचा कायदा आपल्या देशात १९५६ साली झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून शेराच्या जागी किलो यायला लागला. कागदावर इंच गेला, पण सुताराच्या, शिंप्याच्या आणि सायकलवाल्याच्या हातातून काही गेला नाही. एका इंचाचे आठ सूत. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणजेच २५.४ मिलिमीटर. एवढं एक लक्षात ठेवलं की बाकी सगळं शाळेतलं गणित. आणि तेही नको असेल तर शिलाईची टेप उलटी करा. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. इतकी सोपी भाषांतराची वही दुसरी नसेल.

सायकलीचं मात्र असं झालंय, की एकाच सायकलीत सगळी मापं एकत्र नांदतात. चाक इंचात, सरळ हँडल मिलिमीटरमध्ये, शर्यतीच्या सायकलीचं खाली वळलेलं हँडल सेंटिमीटरमध्ये. त्यातही गंमत अशी, की सव्वीस म्हणजे सव्वीस असंही नाही. टायरवर ‘२६ गुणिले १ ३/८’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे एक इंच तीन सूत, तर त्याच्या आतल्या रिमचं माप ५९० मिलिमीटर. आणि ‘२६ गुणिले १.९५’ असं दशांशात असेल तर रिम ५५९ मिलिमीटर. दोन्ही सव्वीसच, पण एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. त्यामुळे नुसता आकडा ऐकून ‘हो’ म्हणू नये. कसला आकडा, कुठून कुठे मोजलेला, हे विचारावं.

कुठून कुठे, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. ब्लाऊजचं शोल्डर आपण पाठीवरून, शिलाईपासून शिलाईपर्यंत घेतो. ते माप पाठीच्या गोलाईवरून जातं, म्हणून हाडापासून हाडापर्यंत सरळ घेतलेल्या मापापेक्षा वेगळं भरतं. हँडलचंही तसंच. शर्यतीच्या हँडलची रुंदी काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत सांगतात, काही बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. नळीची जाडी साधारण २४ मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून मोजलं तर ३८ सेंटिमीटर असणारं हँडल बाहेरून मोजलं की ४०.४ होतं. वस्तू तीच, आकडे दोन.

तुम्ही म्हणाल, या दोन सेंटिमीटरांनी काय आभाळ कोसळणार आहे? तर ऐका. सायकल शर्यतींचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जून २०२५मध्ये जाहीर केलं, की १ जानेवारी २०२६पासून रस्त्यावरच्या शर्यतीत हँडल बाहेरून मोजलं असता ४०० मिलिमीटरपेक्षा अरुंद चालणार नाही. कारण दिलं सुरक्षिततेचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. वाऱ्याला कमी अडावं म्हणून काही खेळाडू हँडल अती अरुंद करायला लागले होते. पण नियम आला तो स्त्री-पुरुष सगळ्यांना सरसकट एक. ज्या बायकांचे खांदे मुळातच अरुंद, त्या काही कुठली युक्ती म्हणून लहान हँडल वापरत नव्हत्या, त्यांच्या अंगाला तेच बसत होतं. मध्यापासून ३६ सेंटिमीटरचं हँडल बाहेरून भरतं ३८.४, म्हणजे ते बाद! महिला खेळाडूंनी आवाज उठवला. मग दोन ब्रेकच्या आतल्या बाजूंमधलं अंतर किमान ३२० मिलिमीटर हवं असं जे आधी म्हटलं होतं, ते संघटनेनं २८०वर आणलं. ४०० मात्र कायम राहिलं.

मला यात विशेष वाटलं ते हे, की ज्या बायका जगात सगळ्यात वेगानं सायकल चालवतात, त्यांनाही ‘अहो, आमचे खांदे एवढे नाहीत’ हे ओरडून सांगावं लागलं. मग आमच्या आठवीतल्या पोरीची काय कथा!

अर्थात, बायकांनी सांगितलं की फरक पडतोच. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनीअर बाईनं १९८५मध्ये खास बायकांच्या अंगाच्या मापानं सायकली बनवणारी कंपनीच काढली. तिच्या सायकलीचं पुढचं चाक मागच्यापेक्षा मुद्दाम लहान ठेवलेलं असायचं. का, तर बुटक्या बाईला हँडलपर्यंत पोहोचायला ताणावं लागू नये. आणि लांब कशाला जायचं? तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीतून हजारो बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलंय. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा तिथल्या बायकांनी जेन्टस सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या. कारण मधल्या दांड्यावर पोराला बसवता येतं! बघा, आपल्याला काय सोयीचं हे आपणच ठरवलं की उत्तर ‘लेडीज’ असेलच असं नाही. ‘लेडीज’ हे माप नव्हे, ती दुकानातली पाटी आहे.

आणि या सगळ्यावर काय अवलंबून असतं, याचाही आकडा आहे. बिहारमध्ये २००६पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळायला लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल असलेल्या मुलींचं प्रमाण त्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढलं होतं. सायकल म्हणजे दोन चाकं आणि एक घंटी नव्हे, सायकल म्हणजे दहावीची परीक्षा. पण ती सायकल चालवताना मान दुखत असेल, भीती वाटत असेल, तर ती गोठ्याच्या भिंतीलाच टेकलेली राहणार. आणि मग आपणच म्हणणार, ‘घेऊन दिली होती हो, हिनंच नाही चालवली.’

तर पुन्हा काकांच्या दुकानात. हातात टेप बघितल्यावर काकांनाही उत्साह आला. त्यांनी भाचीला भिंतीसमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, ‘‘भिंत ढकल बघू, जोर लावून.’’ तिनं सहज हात टेकवले. एका तळव्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजलं, ४८ सेंटिमीटर. तळवा साधारण ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार धरले की ५६. वर दोन सेंटिमीटर सुटायला. असं हँडल ठरलं ५८ सेंटिमीटरचं. होतं ६६. म्हणजे दोन्ही बाजूंनी चार-चार सेंटिमीटर कमी करायचं.

पण काका हुशार. लगेच कापलं नाही. आधी ब्रेक आणि मुठी तेवढ्याच आत सरकवल्या आणि मागच्या मोकळ्या मैदानात तिला चार चकरा मारायला लावल्या. ‘‘ताई, कापलेलं परत जोडता येत नाही,’’ म्हणाले. शिंपीणबाई असं कापड कापायच्या आधी कच्चे टाके घालून बघते, अगदी तसंच. पोरगी हसत परत आली, तेव्हा हॅक्सॉ ब्लेड निघालं. दहा मिनिटांचं काम. कापलेली कड कानशीनं घासली, मुठी नीट बसवल्या. त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगते. हँडलचं टोक उघडं ठेवायचं नाही. मूठ फाटली, रबर निघालं तर त्याच दिवशी बदलायचं. पडताना ती उघडी नळी पोटात घुसली तर आतून मोठी इजा होते. वरून नुसता लाल गोल डाग दिसतो.

मग सीटही बघितली. ती थोडी खाली आणि थोडी पुढे घेतली. कारण मान दुखण्याचा सगळा दोष रुंदीचा नसतो. सीट आणि हँडल यांच्यातलं अंतर जास्त असेल, हँडल फार खाली असेल, तरीही हात ताणले जातात. म्हणून आधी सीट, मग हँडलची उंची आणि शेवटी रुंदी, असा क्रम ठेवावा. चालवताना कोपर थोडे सैल वाकलेले राहिले, खांदे कानांकडे चढले नाहीत, की समजावं जमलं. आणि ज्या जुन्या काळ्या सायकलींचं हँडल मागे वळलेलं असतं आणि ब्रेक लोखंडी काड्यांचे असतात, त्यांचं हँडल कापायच्या भानगडीत पडू नका. त्या काड्या हँडलच्याच मापानं बसवलेल्या असतात.

सगळ्याचे झाले पन्नास रुपये. पन्नास! एवढ्यासाठी एक मुलगी आठवड्यातले दोन दिवस शाळेबाहेर होती.

दादाला पटवणं जरा अवघड गेलं. ‘‘चार-चार सेंटिमीटरनं काय होतंय?’’ म्हणाला. मी त्याला वाद घातला नाही. म्हटलं, शनिवारच्या बाजारात तू तिच्या मागे चाल. तो चालला. हातगाड्यांमधून ती निघून गेली आणि हा तिथेच भजी घेत उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं.

मान अजून अधूनमधून दुखते तिची. दप्तराचं ओझं आहेच. ते पाठीवर न घेता कॅरिअरला बांध म्हटलंय. दोन वर्षांत खांदे रुंद होतील, उंची वाढेल, तेव्हा हे हँडल कदाचित लहान पडेल. मग पुन्हा मोजू. फ्रॉकची उंची वाढवतो, ब्लाऊजची टीप उसवतो, तसंच हे. मुलीचं अंग वाढतं त्याप्रमाणे वस्तूनं बदलायचं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलीला सायकल घ्याल, शाळेतून मिळेल, किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पन्नाशीत तुम्ही स्वतःच मुलाची जुनी सायकल बाहेर काढाल, तेव्हा खणातली टेप बरोबर न्या. दुकानदार हसला तर हसू द्या. शाळेत सायकलवाटप असेल त्या दिवशी पालक म्हणून जाणाऱ्या बायांनी एवढंच विचारावं, की वाटप झाल्यावर एक दिवस एखादा सायकलवाला पाना घेऊन शाळेत बसवता येईल का? पाहुण्यांच्या हारांच्या खर्चात बसेल ते. आणि मुलगी ‘दुखतंय’ म्हणाली, तर ‘होईल सवय’ म्हणायच्या आधी एकदा मोजून बघा.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला होता. ‘‘आत्या, मी वर्गातल्या मैत्रिणींची मापं घेतली. वहीत लिहिलीत, सेंटिमीटरमध्ये. चौघींची हँडलं मोठी आहेत. काका म्हणाले, चौघींचे मिळून दीडशेच घेईन.’’

आणि मग जरा थांबून म्हणाली, ‘‘एकीचं मात्र लहान आहे गं. तिला मोठं लागेल. तिला सांगितलंय मी.’’